आधी अकरा, मग चार

अहो, तो कागद सापडला.

तुम्हाला जाऊन आज बावीस दिवस झाले. पाहुणे आपापल्या घरी गेले, आपला अजित तेराव्यानंतर लगेच टोरोंटोला परतला, सोसायटीच्या सतरंज्या ऑफिसात पोचत्या झाल्या. घर पुन्हा जागच्या जागी आहे. मीरा फोनवर विचारत होती, "आजी, आबा शेवटचं वर्षभर नक्की काय करत होते? बाबा म्हणतो, कुठलं तरी जुनं कार्ड दुरुस्त करत होते." दुरुस्त नव्हे, एवढं मी तिला तिथल्या तिथे सांगितलं. पुढचं फोनवर सांगता येईना, म्हणून लिहिते आहे. लिहिते तुम्हालाच, पण एक प्रत मीराला आणि ईशानला जाईल. तुम्हाला ठाऊक असलेलंच सांगू लागले, तर ते त्या दोघांसाठी आहे असं समजा. नेहमीसारखे "पुढे, पुढे" करू नका.

सुरुवात तानाजीरावांनी केली. गुरुवार होता, म्हणजे चाकणच्या त्यांच्या वर्कशॉपला सुट्टी. पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात, पंच्यात गुंडाळून ते कार्ड घेऊन आले. हिरवी पाटी, वर काळ्या चिपा, एवढंच.

"काका, मशीन अजून धडधाकट हाय, पन त्याचा कॉम्प्युटर गेला. नव्या कॉम्प्युटरला ह्ये कार्ड वळखूच येत न्हाई."

तुम्ही चष्मा कपाळावर चढवून ते उलटसुलट पाहिलंत. "याची पुस्तिका?"

"पुस्तिका न्हाई, आन् कंपनी बी न्हाई. बंद पडून जमाना झाला."

"मग नवं मशीन घे, तानाजी."

"नवं सगळेच घेत्यात, काका. त्यासाठी तुमच्याकडं कशाला आलो असतो?"

तेव्हाच मला कळलं, की हे कार्ड आता लवकर घराबाहेर जात नाही.

ते मशीन पंपाच्या आतली पात्यांची चाकं तपासतं. चाक गरगर फिरवायचं आणि ते कुठल्या बाजूला किंचित जड आहे ते शोधायचं. जड बाजू तशीच राहिली तर पंप थरथरतो आणि स्वतःलाच खातो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक खूण कार्डाकडे जाते आणि कार्ड संगणकाला हाक मारतं. इंग्रजीत तिला इंटरप्ट म्हणतात, पण आपल्या घरात 'हाक' हाच शब्द होता. हाक आली की संगणकानं हातातलं काम बाजूला ठेवून धावायचं, काय आहे ते पाहायचं आणि कार्डाला "ऐकलं" म्हणून कळवायचं. असं धावणं-पाहणं-कळवणं संगणकाला शिकवणारा जो प्रोग्राम, तो ड्रायव्हर. तो तुम्हाला लिहायचा होता.

"आणि कळवलंच नाही तर?" मी विचारलं होतं.

"तर कार्ड पुढची हाक मारत नाही. गप्प बसतं."

"मानी दिसतंय."

"घरात एक आहेच. आता दोन," तुम्ही म्हणालात.

अडचण एवढीच होती, की या कार्डाला "ऐकलं" हे कसं सांगायचं ते जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. कार्डावर सोळा रजिस्टरं होती. आपण त्यांना घरं म्हणायचो, शून्यापासून पंधरापर्यंत. प्रत्येक घरातला आकडा वाचता येतो किंवा तिथे नवा आकडा लिहिता येतो. कुठलं घर कशासाठी, हे सांगणारी पुस्तिका नाही. तुम्ही जन्मभर पिंपरीच्या कारखान्यात मशीनची पॅनेलं दुरुस्त केलीत. ड्रायव्हर लिहायला बाहत्तराव्या वर्षी शिकलात. इंटरनेटवरची इंग्रजी उत्तरं मी मोठ्यानं वाचायची, तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. "हा माणूस हुशार आहे, पण उद्धट आहे," असं मध्येच म्हणायचात.

घरात पंपाचं चाक कुठून आणणार? तुमची नजर माझ्या शिलाई मशीनकडे गेली. त्याच्या हातचाकावर तुम्ही लोहचुंबक चिकटवलंत. मीरानं पाठवलेलं, फ्रिजवरचं, अस्वलाचं. शेजारी सेन्सर बांधलात. मी चाक एकदा फिरवायचं, अस्वल सेन्सरसमोरून जायचं, कार्डाला खूण मिळायची. "फिरव," तुम्ही म्हणायचात. मी फिरवायची. पडद्यावर आकडा यायचा, एक. "फिरव." एकच. "परत फिरव." एकच. कार्ड पहिली हाक मारून गप्प बसलेलं असायचं. असे किती महिने गेले. समोरच्या बाल्कनीतल्या वहिनींनी एकदा विचारलंसुद्धा, "रोज एवढं काय शिवता हो?"

आता वहीचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलं. मी आयुष्यभर कंपनीच्या ऑफिसात साहेबांची सेक्रेटरी होते. कागद लावणं हे माझं काम आणि माझा स्वभावही. तुम्ही बँकेच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर जाड पेन्सिलीनं लिहायचात, वाटेल तिकडे, बाणांनी भरलेलं. संध्याकाळी मी ते वहीत उतरवायची. तुमचं मोडकं मराठी, माझं स्वच्छ इंग्रजी. डाव्या पानावर त्या दिवशी वाचलेली घरं, उजव्या पानावर लिहिलेली. दोन्हीकडे नंबरानुसार, शून्यापासून पंधरापर्यंत. आणि प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात तुमची छोटी सही, वाचलं म्हणून. ऑफिसचा शिस्तीचा नियम मी घरात आणला होता. तुम्ही कुरकुरायचात. "बाईसाहेब, मी काय तुमचा क्लार्क आहे?" म्हणायचात आणि सही करायचात.

एक मंगळवार दुपार आली. त्या दिवशी तुम्ही प्रोग्राम बाजूला ठेवून एकेक आज्ञा हातानं टाइप करत होता, कंटाळून, वाटेल तशी. मी चाक फिरवलं. एक. तुम्ही काहीतरी टाइप केलंत, पेन्सिलीनं काहीतरी खरडलंत. "फिरव." आणि पडद्यावर दोन आले.

तुम्ही पुन्हा तेच टाइप केलंत. तीन. चार. मी हळूहळू फिरवत होते, जणू जोरात फिरवलं तर बिघडेल. सातवर वीज गेली. वीज जायची ती गुरुवारी, मंगळवारी जायचं काही कारण नव्हतं, पण गेली. पडदा काळा झाला, टाइप केलेलं सगळं पुसलं गेलं, आणि तुम्ही चक्क हसलात. "जाऊ दे, नलू. कागदावर आहे." त्या खुशीत तुम्ही स्वतः कॉफी केलीत, दोघांची, साखर विसरून. मी तेवढ्यात टेबल आवरलं, कागद वहीत उतरवला. तुम्ही कॉफीचा घोट घेत सही केलीत. वाचलं नाहीत. मी पाहिलं होतं, वाचलं नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एक. फक्त एक.

तुम्ही उजव्या पानावरची घरं उलटसुलट सगळ्या क्रमांनी लिहून पाहिलीत. डाव्या पानाला हात लावला नाहीत. मी एकदा म्हणाले, वाचायचीही घरं करून बघा ना. तुम्ही म्हणालात, "वाचल्यानं काय बदलतं? तू भिंतीवरचं घड्याळ पाहिलंस म्हणून वेळ बदलते का?"

मी म्हणाले, "आमच्या साहेबांच्या टेबलावर आलेल्या पत्रांचा ट्रे होता. पत्र वाचून झालं की ते ट्रेमधून उचललं जायचं. ट्रे रिकामा झाला की मी पुढचं पत्र ठेवायची. वाचल्यानं बदलायचं."

"तो साहेब होता. हे कार्ड आहे."

"कार्डसुद्धा कुणीतरी साहेबानंच केलं असेल."

तुम्ही हसलात. तानाजीरावांनाही ते सांगितलंत, माझ्यासमोर. "काकूंनी आता कार्डाला ट्रे लावायचं ठरवलंय." तेही हसले. मी चहा आणायला आत गेले. वाद तिथेच राहिला. आपल्या घरात वाद असेच राहायचे, अर्धे, आणि दुसऱ्या दिवशी चहाबरोबर पुन्हा सुरू व्हायचे. म्हणून मला तेव्हा घाई वाटली नाही.

मग तो दिवस. त्या मंगळवारला सहा महिने उलटून गेले होते. तुम्ही वही उघडी ठेवून बराच वेळ बसला होता. मी भाजी निवडत होते.

"नलू, तू क्रम मोडलास."

"मी? मी तर क्रम लावला."

"नंबरांचा लावलास. आकडे असतील बरोबर. पण आधी काय केलं आणि मग काय केलं, ते यात कुठेच नाही. मूळ कागद कुठाय?"

"रद्दीत गेला."

"बघ तरी एकदा."

"गेला म्हणजे गेला. मी ठेवलेलं मला माहीत नसेल?"

तुमचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. तुम्ही म्हणालात, "तो एकच कागद होता गं." आणि मी, हातात गवारीची शेंग, वहीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "खाली सही कुणाची आहे?"

तुम्ही त्या सहीकडे पाहिलंत. मग वही मिटलीत आणि तिच्यावर हात ठेवून बसलात.

मला त्याच क्षणी कळलं होतं, की हे बोलायला नको होतं. मला हे पहिल्यांदा तुम्हालाच सांगायला हवं होतं. आता नातवंडांनाही कळतंय. त्यानंतर आठ दिवस मी चाक फिरवलं नाही. तुम्ही बोलावलंही नाहीत. डाव्या हातानं चाक फिरवायचात, उजव्या हातानं टाइप करायचात, मध्येच हात बदलताना खुर्ची करकरायची. मी स्वयंपाकघरातून ते ऐकायची. चाकाचा आवाज, मग शांतता, मग चाकाचा आवाज. बाहेर येऊन "सरका, मी फिरवते" म्हणायला चार पावलंसुद्धा नव्हती.

नवव्या दिवशी तुमच्या छातीत दुखलं.

दवाखान्यात तुम्ही माझ्याशी नेहमीसारखंच बोललात. गॅसचा सिलिंडर लावला का, अजितला उगाच धावत बोलावू नको, शेजारच्या पलंगावरच्या माणसाला आपलं सफरचंद दे. भांडणाचं नाव नाही. तिसऱ्या दिवशी म्हणालात, "तानाजीला सांग, कार्ड घेऊन जा. माझ्याच्यानं नाही झालं." मी म्हणाले, "आधी बरे व्हा, मग तुम्हीच सांगा." मला म्हणायचं होतं, तुमच्याच्यानं झालं होतं. सातपर्यंत झालं होतं. माझ्यामुळे गेलं. ओठावर आलं होतं, पण नर्स आली, बी.पी. बघायचं म्हणाली, मी बाहेर जाऊन बाकावर बसले. संध्याकाळी सांगू म्हटलं. संध्याकाळी तुम्ही होता, पण झोपलेले होता. त्यानंतर बोलायची वेळ आली नाही.

तुमचा निरोप मी तानाजीरावांना दिला नाही. तुमचं एवढं एक मी ऐकलं नाही. वर्षभराचं काम "नाही झालं" या दोन शब्दांवर संपवायला माझी जीभ वळेना. ते दहाव्याला आले, तेव्हा टेबलावरच्या कार्डाकडे बघून म्हणाले, "काकू, असूं द्या हितंच. भंगारवाल्यानं मशीन मागितलंय, पन मी अजून काय बोललो न्हाई."

आणि गेल्या सोमवारी मी चमच्यांचा खण पुसायला काढला. पाहुण्यांच्या धांदलीत त्यात चहापत्ती सांडली होती. तळाला घातलेला कागद उचलला. कॅलेंडरचं पान, वर तारखा, गुळगुळीत, जाड. असे चांगले कागद मी रद्दीत टाकत नाही, खणात घालते. हे माझं मलाच त्या दिवशी आठवलं नव्हतं. कोरी बाजू असेल म्हणून उलटलं. तुमची पेन्सिल.

ज्या खणातून तुम्ही रोज दोनदा चहाचा चमचा काढत होता, त्या खणात तो होता. तुम्ही विचारलंत तेव्हा मी गवार खाली ठेवून फक्त उठायचं होतं.

मी तिथेच, ओट्याला टेकून वाचला. वरून खाली, बाणांच्या मागोमाग, जसं घडलं तसं. "चाक. हाक आली. ११ वाचलं, १२८. परत ११ वाचलं, ०. ४ मध्ये १ लिहिला. चाक. हाक आली!!" असं खालपर्यंत. सातव्या हाकेपुढे पेन्सिल कागदात रुतली होती, तिथे वीज गेली असावी. मी वही आणली. माझ्या डाव्या पानावर अकरा नंबरच्या घरासमोर फक्त शून्य होतं. एकाच घराचे दोन आकडे बघून मी पहिला चुकीचा धरला होता आणि गाळला होता. म्हणजे वाचताक्षणी घर रिकामं होतं, याचा पुरावा तुम्ही लिहून ठेवला होता, आणि तो मीच पुसला होता. ट्रेचं मी बरोबर बोलले होते, आणि तेच सिद्ध करणारा आकडा माझ्याच हातानं गेला होता. तुम्ही असता तर यावर किती दिवस हसला असता!

मी तानाजीरावांना फोन केला. गुरुवारी ते आले, बरोबर त्यांची सून पल्लवी. ती हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. सुट्टी टाकून आली होती. आल्या आल्या तुमच्या फोटोला नमस्कार केला आणि तुमच्या खुर्चीत बसायच्या आधी मला विचारलं, "आजी, बसू का?" मला ती तेवढ्यानंच आवडली.

तिनं तुमचा प्रोग्राम वाचला. बराच वेळ वाचला. "आबांनी लिहिलंय फार नीट हो," ती म्हणाली. "फक्त हे रजिस्टर वाचलंच नाहीये. वाचलं की क्लिअर होतं ते. काही कार्डं असतात अशी."

"काय केलं म्हंजी आता?" तानाजीराव.

"एक ओळ टाकली, मामा. आधी अकरा वाचायचं, मग चारमध्ये लिहायचं."

"एकच वळ?"

"एकच."

तानाजीरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग पल्लवी म्हणाली, "आजी, चाक तुम्ही फिरवता ना?"

मी स्टुलावर बसले. अस्वल अजून चिकटलेलं होतं. फिरवलं. एक. फिरवलं. दोन. पाच, सहा, सात. सातवर माझा हात थांबला. मला वीज जाईल असं वाटलं, आणि खरं सांगू, क्षणभर जावी असंही वाटलं. म्हणजे पुढचा आकडा तुमच्याशिवाय बघायला लागला नसता.

"काकू, फिरवा की," तानाजीराव हळूच म्हणाले. "काका बगत असत्याल."

आठ. नऊ. मग मी थांबले नाही. पल्लवी मोजायची थांबली, पडदा मोजत राहिला. माझा दंड भरून आला, तरी मी फिरवत होते. तानाजीरावांनी पंच्यानं डोळे पुसले आणि मग त्याच पंच्यात कार्ड गुंडाळलं. "भंगारवाल्याला आता सांगतो, वाट बदल म्हनून." जाताना मला म्हणाले, "मशीन चालू झालं की पयला पंप तुमाला दाखवायला न्हेतो, काकू. थरथरतोय का, हात लावून बगा."

त्यांना दारापर्यंत सोडून मी टेबलाशी आले. वहीत नवीन पान घेतलं. पहिल्यांदाच डावं-उजवं केलं नाही, नंबर लावले नाहीत. जसं घडलं तसं लिहिलं, मराठीत. आधी अकरा वाचलं. मग चारमध्ये एक लिहिला. मग चाक, मग हाक. खाली एक शेरा लिहिला: "हे त्या मंगळवारीच झालं होतं. कागद घरातच होता. मी उठून पाहिलं नाही."

कोपऱ्यात सहीची जागा सोडली आहे. हे पान तुम्ही वाचलेलं नाही, म्हणून ते मी उचललेलं नाही. टेबलावरच आहे, तुमच्या खुर्चीसमोर, पेन्सिलीजवळ. रोज सकाळी त्याच्याभोवतीनं धूळ पुसते.